पंचामृताची दुसरी पळी

आमच्या खानावळीत भांडी घासणाऱ्या मावशी नसत्या तर आज माझा आवाज नसता, कदाचित मीही नसतो. हे आधी लिहून ठेवतो. पुढची हकीकत सांगताना त्यांची बाजू माझ्याकडून नेहमी मागं पडते.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी खानदेशातून कोल्हापूरला आलो. वडील गेले तेव्हा इंग्रजी दुसरीतच शाळा सुटली होती. अक्षर वाईट, आकडेमोड त्याहून वाईट. आवाज मात्र दणदणीत. एका अडत्यांनी मला गुळाच्या सौद्यात पुकारा करायला ठेवलं. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्यांपुढं उभं राहून भाव ओरडायचा, कुणी वाढवला की पुन्हा ओरडायचा, दुपारपर्यंत. आवाज गेला की काम गेलं. काम गेलं की परत घरी, आणि तिथं तर आई सगळ्यांना सांगत होती की पोरगा कोल्हापुरात चिकटला.

राहायला, जेवायला आक्कांच्या खानावळीत होतो. पहिल्याच महिन्यात तापानं पडलो, तेव्हा आक्कांनी उशाशी बसून मला पेज भरवली होती. परक्या मुलखात एवढं कोण करतं? त्यामुळं त्या मधाची बाटली घेऊन आल्या तेव्हा मी नको म्हणालो नाही.

"दिवसभर वरडतोस. घशाला वंगण नको व्हय? राधानगरीच्या रानातला हाय, दुकानातला न्हवं. उघड तोंड."

रोज सकाळी एक चमचा. आठवडाभरात जिभेच्या मुळाशी काटे टोचल्यासारखं व्हायला लागलं. कानाच्या आत खाज सुटायची, तिथवर बोट पोचायचं नाही. सौद्यात आवाज चिरकायला लागला.

"काय पावणं, भाव सांगताय का सोवळ्यातला जप करताय?" एक व्यापारी म्हणाला. सगळे हसले. आमचे शेठ हसले नाहीत.

घसा बसलाय असं आक्कांना सांगितलं, तर त्यांनी एकाचे दोन चमचे केले.

मावशी मागच्या दारी राखेनं भांडी घासायच्या. बोलणं कमी. एकदा तोंड धुवायला गेलो तर मान वर न करता म्हणाल्या, "आक्का गावाला गेली की तुझा घसा सुटतोय. ती आली की बसतोय. मी बघतो की रोज. चार दिस मध खाऊ नगंस."

"मधानं कुणाचा घसा बसतो का, मावशी?"

"कुणाचा न्हाय बसत. तुझा बसतोय."

मी चार दिवस युक्ती केली. चमचा तोंडात धरायचा, मागं जाऊन थुंकायचा, चूळ भरायची. घसा मोकळा झाला. पुकारा पूर्वीसारखा जायला लागला. आता आक्कांना सरळ सांगून टाकायचं, एवढंच उरलं होतं. ते माझ्यानं झालं नाही; थुंकणंच चालू ठेवलं. पेज भरवणाऱ्या बाईला तुमचा मध मला सोसत नाही म्हणून कसं सांगायचं?

श्रावणात खानावळीत सत्यनारायण होता. मी उपाशी होतो. पंचामृतात मध असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तीर्थ नाकारायचं कसं? तळवा पुढं केला. "ह्याला दोन पळ्या," आक्का कौतुकानं म्हणाल्या. "ह्येच्या गळ्यावर आख्खी पेठ चालतीया." पहिली पळी मी प्यायलो. दुसरी हातावर पडायच्या आतच ओठ जड झाले. अंगावर गांधी उठल्या. बोलायला गेलो तर घशातून शिट्टीसारखं काहीतरी निघालं, मग तेही थांबलं.

मी भिंतीला टेकत खाली बसलो. माणसं भोवती जमली. "देवाचं कायतरी चुकलंय ह्याच्या हातनं," कुणीतरी म्हणालं. आक्का घाबरून गेल्या आणि पंचामृताची वाटी घेऊन पुन्हा आल्या. "तीर्थ घे बाळा, उतरंल."

तेवढ्यात मावशी मागून आल्या आणि राखेच्या हातानं त्यांनी आक्कांच्या हातातली वाटी उडवली. पंचामृत चौरंगावर, आक्कांच्या लुगड्यावर, सगळीकडं.

"मारतीस व्हय त्याला? मधानं गळा आवळलाय."

पुढचं मला तुटक आठवतं. टांगा, मावशींचा खांद्याखालचा हात, डॉक्टरांची सुई. तासाभरानं श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, "मध जन्मात तोंडात घालू नकोस. आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." हे ऐकायला मी आणि मावशी, दोघंच होतो.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी मावशींना सगळ्यांसमोर उभं केलं. तीर्थ पायदळी घातलं म्हणून त्यांना कामावर ठेवणार नाही, असं म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. डोळे रडून सुजलेले. "तूच सांग. माझ्या हातच्या प्रसादानं झालं व्हय तुला?"

माझा आवाज परत आला होता. चांगला परत आला होता.

"उपाशीपोटी होतो, आक्का," मी म्हणालो. "पित्त झालं असेल."

मावशींनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पदराला हात पुसत त्या निघून गेल्या.

आज त्या कबनूरला लेकीकडं असतात, मागासाठी सुताच्या कांड्या भरतात. गेल्या वर्षी मी गेलो होतो. "घसा बरा हाय न्हवं?" एवढंच विचारलं. चहा दिला, त्यात साखर घातली आणि म्हणाल्या, "साखरच हाय. पी." मी मान खाली घालून प्यायलो.

मी अजून आक्कांकडंच जेवतो, पित्ताचं निमित्त सांगून मध टाळतो. आता त्या थकल्यात, मला पोरासारखं मानतात, त्यामुळं सांगणं आणखीच अवघड झालंय. तरी मावशी, कधीतरी एका श्रावणात, पूजेला सगळी माणसं बसलेली असताना, मी उभा राहून डॉक्टर काय म्हणाले ते सांगणार आहे. त्या दिवशी तुम्हाला कबनूरहून घेऊन येईन आणि माझ्या शेजारी बसवीन. आक्कांनी मला घराबाहेर काढलं तरी चालेल.

ते तुमच्या हयातीत होईल की नाही, एवढीच धास्ती आहे.