कुंदाच्या मुखवट्याचे डोळे

आधीच सांगते — भूतखेत, चकवा, बाहेरचं वारं, यातलं काहीही मी मानत नाही. आमचं घर बौद्ध. वडिलांनी अंगारे-धुपारे केव्हाच उंबऱ्याबाहेर काढलेले. तरीही हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्यासमोर घडलं आणि गावात त्याची भलतीच गोष्ट करून सांगतात.

मी मोहर्लीत, वाघाच्या जंगलाच्या गेटपाशी, सफारीच्या ड्रायव्हर-गाइड लोकांची मेस चालवते. वय एक्कावन्न. आणि मला खुनी पिक्चर आवडतात. म्हणजे तेच... मुखवटा घातलेला माणूस, हातात सुरा, आणि एकेक करून मरणारी पोरं. लहानपणी ऊर्जानगरच्या वीज कॉलनीत राहायचो, तिथल्या क्वार्टरमध्ये भाड्याचा व्हीसीआर यायचा, तेव्हापासून. बाया विचारतात, त्यात बघण्यासारखं काय? ऐका. आपले जुने भुताचे पिक्चर शेवटी मांत्रिकापाशी नाहीतर देवळाच्या घंटेपाशी जाऊन थांबायचे. हे खुनी पिक्चर तिकडे परदेशात कोणीतरी थोड्या पैशांत काढले — एक रिकामं घर, एक मुखवटा, एक सुरा, बस्स. शाप नाही, आत्मा नाही. त्या माणसावर लिंबू-मिरची चालत नाही. डोकं आणि पाय चालवावे लागतात, आणि जी पोरगी ते चालवते ती वाचते. म्हणून लोक अजून बघतात. निदान मी तरी म्हणूनच बघते.

आता आमच्याकडचा मुखवटा. मोहफुलं वेचायला जाताना बाया तो डोक्याच्या मागे बांधतात. वाघ मागून येतो. मागेही तोंड दिसलं तर बिचकतो, असं म्हणतात. प्लास्टिकचा, मिशीवाला, मोठे छापलेले डोळे. सगळ्यांचे सारखे.

मागच्या एप्रिलमध्ये, सकाळी आठच्या सुमारास, मी आणि माझी नणंद कुंदा मोह वेचून नाल्याकाठच्या वाटेने परत येत होतो. बाकीच्या बाया पुढे निघून गेल्या होत्या. कुंदाच्या डोक्यावर भरली टोपली. मी दहाएक पावलं मागे, टोपली कमरेवर. आदल्या दुपारी मेसमध्ये आम्ही मोबाईलवर असलाच एक पिक्चर लावला होता आणि कुंदा भिऊन मधेच उठून गेली होती. तिची गंमत करायची म्हणून मी माझ्या मुखवट्याच्या बुबुळांना दाभणाने भोकं पाडून ठेवली होती. वाटेत तो सोडला आणि पुढे, तोंडावर चढवला. दबकत जाऊन तिच्या कानाशी उभं राहायचं, एवढाच विचार.

म्हणजे माझी पाठ उघडी पडली. जंगलातल्या बाईने करू नये ती चूक. कबूल.

कुंदाचा मुखवटा माझ्याकडे बघत होता, सरळ. मी तीन-चार पावलं टाकली असतील... आणि त्याचे डोळे हलले.

छापलेले डोळे, परत सांगते. ते माझ्यावरून निघाले आणि माझ्या डाव्या खांद्याच्या वर, मागे कुठेतरी जाऊन थांबले. आपल्याशी बोलता बोलता समोरचा माणूस आपल्या मागे कोणाला तरी बघतो ना, तसे.

पडद्यावरच्या पोरींना मी जन्मभर ओरडत आलेय — मागे बघ, मागे बघ. मी वळले.

नाल्याच्या उंच काठावर वाघीण दबून बसली होती. वीस पावलांवर. मान खाली, खांदे वर.

"कुंदा, पळू नको. माझ्यापाशी ये," मी वाघिणीवरची नजर न काढता म्हटलं.

ती वळली असावी, माझं मागचं उघडं डोकं तिला दिसलं असावं. मागून तिचा आवाज आला, "वयनी, तुहा मुखोटा कुठी गेला?"

मग तिला काठावरची वाघीण दिसली. ती आली, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दोघींनी घसा फाटेस्तोवर आरडाओरडा केला. वाघीण उठली, तिने जरा वेळ माझ्या मिशीवाल्या तोंडाकडे बघितलं आणि बांबूत शिरली. घाईसुद्धा केली नाही.

गाव म्हणतं, बाई असले पिक्चर बघते म्हणून वाघीण मागे लागली. नवरा म्हणाला, उद्यापासून बंद. मी त्याला म्हटलं, मुखवटा पुढे लावला तो पिक्चरपायी, मान्य. पण मागे वळले तीही पिक्चरपायीच. एक धरून दुसरं सोडता येणार नाही. तो म्हणतो, तुझ्या कानाने पाचोळा ऐकला आणि डोक्याने तो मुखवट्याच्या डोळ्यांत दाखवला. असेलही. दुसऱ्या कोणाला मीही हेच सांगितलं असतं. पण मी पाचोळा ऐकला नव्हता. कुंदाला विचारलं, मान हलवली होतीस का? ती म्हणाली, "भरली टोपली डोक्यावर, मान कशी हलविन मी?"

चार दिवस त्याच वाटेवर, त्याच वेळी तिला पुढे चालवलं. ऊन, सावली, सगळं बघितलं. तिचा मुखवटा घरी आणून नखाने खरवडला. छपाईच आहे. शेजारीण म्हणाली, जंगलाच्या राखणदार देवाला नारळ फोड. फोडला नाही, फोडणारही नाही. मला उत्तर सापडलं नाही, एवढ्यावरून ते नारळाकडे असेल असं होत नाही.

पिक्चर चालू आहेत. यंदा मोहालाही गेलो. रांगेत शेवटी मीच चालते, नवा मुखवटा मागे घट्ट बांधून. परवा कुंदा म्हणाली, "वयनी, तुह्या मागं तं कोनी नाई. तुह्या मुखोट्यानं काई पाह्यलं, तं तुले कोन सांगन?"

कोणी नाही. मी अधूनमधून स्वतःच मागे वळून बघते, आणि चालत राहते.