पंच भरमाण्णा आणि कंग्राळीचं ऊन

टोपी घालणारा माणूस भरमाण्णांच्या लेखी आजारीच असायचा. बेळगावजवळच्या कंग्राळीच्या माळावर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना ते वीसेक वर्षं पंच म्हणून उभे राहिले, तेही बोडक्या डोक्यानं. खेळायला आलेली पोरं तोंडाला क्रीम लावू लागली की ते नाक मुरडायचे. "चुना फासून आल्यात बघ! क्रिकेटला आल्यात का वरातीला?"

मार्चमध्ये एका सकाळी लेक सौम्यानं मोबाईल पुढं धरला. "अण्णा, आज दुपारी उन्हातल्या यूव्ही किरणांचा आकडा अकरावर जाणार हाय. आठाच्या वर गेला की लई जपायला पायजे. टोपी आन् गॉगल तरी घ्या."

"अकरा? तेवढे तर माझ्या मैदानात रोजच असत्यात!" अण्णा खेकसले. "बेळगावची हवा ही. वारं कसं गार सुटलंय बघ. ऊन बाधायला हे काय रायचूर हाय?"

"वारं गार असलं म्हणून किरणं कमी होत न्हाईत. उलट चटका लागत न्हाई म्हणून कळतच न्हाई."

"जे कळत न्हाई त्याला कोण भितंय?"

त्याच दुपारी सामना रंगात आला असताना एक फलंदाज धावबाद झाला. अख्ख्या माळाला दिसलं, अण्णांना दिसलं नाही. त्यांनी नाबाद दिलं आणि एकच बोंब उठली. कुणीतरी ओरडलं, "पंचाला चष्मा द्या रं!" अण्णांनी त्याच्याकडं तुच्छतेनं पाहिलं खरं, पण हात डोळाच चोळत होता. कित्येक महिने डोळ्यात खडा गेल्यासारखं खुपत होतं. ते त्यांनी धुळीवर ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी सौम्यानं त्यांना बळंच बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. नाकाकडच्या कोपऱ्यातून मांस वाढत बुबुळावर आलं होतं.

"उन्हात फार असता का?" बाईंनी विचारलं.

"असतो की. ऊन काय करतंय?"

"हेच करतंय. धूळ, वारा आहेच, पण जास्त हात उन्हाचा."

आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांनी दुसऱ्याचा निकाल मान्य केला.

शस्त्रक्रिया झाली. पुढच्या स्पर्धेला अण्णा रुंद काठाची टोपी, काळा चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून उभे राहिले. पोरं फिदीफिदी हसली. भर दुपारी सामना होणार नाही, असं त्यांनी कमिटीला बजावलं.

"ढग आल्यात की अण्णा, खेळूया," कमिटीतला भावकू म्हणाला.

"ढगातनं बी येत्यात ती किरणं, येड्या!" माळाच्या कडेला झाडाखाली रवंथ करत बसलेल्या म्हशींकडं अण्णांनी बोट केलं. "त्यांस्नी कळतंय. तुमास्नीच तेवढं न्हाई."