लिहून आण, मी सही करतो

अन्याय माझ्या ताईवर झाला. गेल्या डिसेंबरात, अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर लगेच, तिच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांच्या खोलीत. खोलीत चौघं होतो: ताई, तिचे प्रोजेक्टचे सर, विभागप्रमुख आणि मी. कोणी ओरडलं नाही, कोणी लाच मागितली नाही. उलट आम्हाला चहा पाजला. म्हणूनच हे लिहायला बसले आहे. शिवी दिली असती तर लोकांना तो अन्याय लगेच कळला असता.

ताई सिव्हिल इंजिनिअर. आमच्या वॉर्डात मुलींपैकी पहिली. बाबा मध्य प्रदेशातल्या उकव्याला खाणीत होते, तिथेच आम्ही दोघी वाढलो, मग ते निवृत्त झाले आणि आम्ही बालाघाटात आलो. उकव्याच्या जमिनीतच मँगनीज आहे, तो काही कोणाचा दोष नाही. पण हातपंपाचं पाणी भांड्यावर काळा थर धरतं आणि पांढऱ्या कपड्याची वाट लावतं. पौर्णिमेला विहारात नेसायची आईची पांढरी साडी दोन धुण्यांत मळकट पिवळी व्हायची. आई म्हणायची, "विहारात मीच एकटी जुनी दिसतो." ताईने कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट घेतला तो हाच: राइस मिलमध्ये भाताचं तूस जाळून जी राख उरते, तिच्यातून हे पाणी गाळायचं.

बाकीच्या मुलांनी तयार प्रोजेक्ट विकत आणले. हे गुपित नाही, कॉलेजच्या फाटकासमोर दुकानं आहेत. ताई मात्र उकव्याला आत्याकडे जायची आणि बाटल्या भरून बसने परत यायची. एकदा मी सोबत होते. कंडक्टरने पिशवी पाहून, मोहाची दारू समजून, विचारलं, "दीदी, महुआ है तो बता दो, मैं भी आदमी हूँ."

"हँडपंप का पानी है, भैया."

"पानी बालाघाट ले जा रही हो? वहाँ वैनगंगा सूख गई क्या?"

अख्खी बस हसली. ताईही हसली. बाटल्या मांडीवर घेऊन ती घाट उतरेपर्यंत तशीच बसून राहिली, एकही सांडू दिली नाही.

प्रयोग पूर्ण जमला नाही. थोडे दिवस पाणी स्वच्छ यायचं, मग राखेचा चिखल व्हायचा आणि पाणी खाली उतरायचंच नाही. तसंच तिने रिपोर्टमध्ये लिहिलं. पदवी मिळाली, पण तो चिखल तिच्या डोक्यातून गेला नाही. तिने शोध घेतला आणि कॅनडातल्या एका प्राध्यापकांना मेल केला, ज्यांचं कामच अशा पाण्यावर आहे. संशोधन करून मास्टर्स करायचं म्हणजे नुसते मार्क पुरत नाहीत, आधी एखाद्या प्राध्यापकाने तुम्हाला आपल्या प्रयोगशाळेत घ्यायला तयार व्हावं लागतं. ते तयार झाले. एका संध्याकाळी फोनवर त्यांचा चेहरा दिसला, आमच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची थांबली. त्यांनी विचारलं, तुझं काय जमलं नाही ते सांग. ताई इंग्रजीत अडखळत त्या चिखलाबद्दल बोलत राहिली, आणि तो माणूस लिहून घेत होता. कॉलेजात चार वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

ते म्हणाले, अर्ज कर. माझ्याकडे एक जागा आहे, पण निवड समिती करते. तुला शिकवणाऱ्या दोघांची शिफारसपत्रं लागतील.

इथून पुढचं नीट ऐका.

त्या विद्यापीठाची पद्धत साधी होती. विद्यार्थ्याने दोन शिक्षकांची नावं द्यायची. विद्यापीठ त्या शिक्षकांना परस्पर मेल पाठवतं, शिक्षक आपल्या मनाने लिहितात आणि तिथेच टाकतात. विद्यार्थ्याने ते पत्र पाहायचं नाही. तसं कबूल करण्याच्या चौकोनात ताईने खूण केली होती.

आपल्याकडची पद्धत मला सांगायला नको. शिफारसपत्र विद्यार्थी स्वतः लिहितो. स्वतःची स्तुती स्वतः करतो, सरांच्या पुढ्यात ठेवतो, सर सही करतात, गोल शिक्का मारतात. याला आपण मदत म्हणतो. सर म्हणतात, लिहून आण, मी सही करतो. आणि ज्याला हे ऐकायला मिळतं तो घरी पेढे नेतो, सर किती चांगले म्हणून.

ताई दिवाळीनंतर प्रोजेक्टच्या सरांकडे गेली आणि घरी आली ती चपला न काढताच ओट्यावर बसली.

"काय म्हणले सर?" आईने विचारलं.

"लिहून आण म्हणले. मी म्हणलं, सर, ते तुम्हालेच लिहावं लागते, मले पाहाचंही नाही. तं हसले. म्हणले, आली मोठी हरिश्चंद्राची पोरगी."

"मंग दे न लिहून, व माय. त्याच्यात काय जाते?"

"आई, तो मास्तर तिकडे विचारून राह्यला की ही पोरगी कशी आहे. त्याले काय सांगू, मीच सांगतो मी कशी आहो ते?"

बाबा वर्तमानपत्र पाहत होते. ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे." मग पान उलटून, "पण सर नाराज नाही झाले पाहिजे."

ताईने प्रोजेक्टच्या सरांना आणि विभागप्रमुखांना, दोघांनाही, प्रोजेक्टची चार पानांची माहिती पाठवली, म्हणजे त्यांना लिहायला आठवण राहावी. मेलमध्ये नम्रपणे लिहिलं की विद्यापीठाकडून तुम्हाला निरोप आला असेल. त्यानंतर ती थांबली. सरांच्या मागे लागणं आपल्यात बरं दिसत नाही, आणि ती तशीच वाढलेली. नोव्हेंबर गेला. अर्जाच्या पानावर दोन्ही पत्रांसमोर 'आलेलं नाही' असंच दिसत राहिलं. शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी रेल्वेने कॉलेजला गेलो.

विभागप्रमुख डबा बंद करत होते. प्रोजेक्टचे सर त्यांच्या शेजारीच होते. ताईला पाहून सर खरोखर खूश झाले.

"अरे, कुठं होती तू? आम्ही तं रोज तुझी वाट पाहून राह्यलो. मी यांना म्हटलं, पोरगी हुशार होती, आली काहून नाही? आण, ड्राफ्ट आण."

"सर, ड्राफ्ट नाही. तुम्हाला मेलवर लिंक आली असेल."

"मेल कुठं पाहतो बेटा मी? ते कॉम्प्युटर ऑपरेटर पाहतो. ड्राफ्ट नाही आणला?"

ते चेष्टा करत नव्हते, हे समजून घ्या. त्यांच्या हिशोबाने ताईच महिनाभर आळशीपणा करत होती. ते सही करायला बसले होते आणि कागद घेऊन यायचं तिने टाळलं होतं.

मी म्हटलं, "सर, उद्या मुदत संपते. तुम्ही लिहा न आत्ता."

"ही कोण?"

"लहान बहीण, सर."

"इंजिनिअरिंगले आहे?"

"नाही. मी मोर्च्याची पत्रकं लिहिते," मी म्हणाले.

"मग तूच लिहून द्यायचं होतं," विभागप्रमुख म्हणाले, आणि दोघं हसले. बाहेरच्या ऑपरेटरला त्यांनी चहा आणायला पाठवलं.

प्रोजेक्टच्या सरांनी मग खुर्ची ओढली, लिंक उघडून घेतली. ताई लगेच उठली आणि भिंतीवरच्या नोटीसबोर्डाकडे तोंड करून उभी राहिली. तिने पाहणार नाही असं कबूल केलं होतं. जुनी वेळापत्रकं, परीक्षेच्या बैठक व्यवस्थेची यादी, एवढंच होतं तिथे. ती ते वाचत राहिली. मी मात्र सरांच्या मागे उभी होते, मी कशावर खूण केली नव्हती.

सरांनी इंग्रजीत तिचं नाव लिहिलं. 'हिला मी ओळखतो' एवढं लिहिलं. थांबले. मग मान न वळवता म्हणाले, "तुझा प्रोजेक्ट तो… तुसाच्या विटांचा होता न?"

ताई नोटीसबोर्डाकडेच पाहत म्हणाली, "नाही सर. पाण्याचा."

"हौ हौ, पाण्याचा. विटांचा दुसऱ्या ग्रुपचा."

पुढे बराच वेळ कर्सर उघडझाप करत राहिला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना घाम आलेला मी पाहिला. पण त्यांच्याकडे लिहायला काहीच नव्हतं, कारण त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरमधली एक जुनी फाइल उघडली. कॉलेज सोडताना सगळ्यांना देतात तो चारित्र्याचा दाखला. आधीच्या मुलाचं नाव खोडून ताईचं टाकलं. ती नियमित आहे, आज्ञाधारक आहे, वर्तन उत्तम आहे, कॉलेजात असताना कुठल्याही आंदोलनात तिने भाग घेतलेला नाही.

"सर, हा तर चारित्र्याचा दाखला आहे. तिने काय काम केलं ते लिहा न."

"काहून? चारित्र्य नको का?"

"तू गप राह्य," ताई नोटीसबोर्डाकडूनच मला म्हणाली.

"मलेही याचीच एक प्रिंट दे," विभागप्रमुख म्हणाले.

दोन्हींवर गोल शिक्के बसले, दोन्ही स्कॅन झाले, दोन्ही गेले. अर्जाच्या पानावर 'मिळालं' असं उमटलं. चहा आला. सर म्हणाले, "शिक्का पाहला की तिकडे काही विचारत नाही. पेढे आणशील." ताईने दोघांना थँक्यू म्हटलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, "मले सांगू नको."

मी सांगितलं नाही. जाणारं गेलं होतं.

नकार मार्चमध्ये आला. विद्यापीठाचं पत्र ठरावीक होतं. त्याच्या मागोमाग त्या प्राध्यापकांनी स्वतः चार ओळी लिहिल्या. मला तुझ्यावर विश्वास आहे, पण समितीपुढे तुझ्या शिक्षकांचे शब्द ठेवावे लागतात. दोन्ही पत्रं शब्दशः एकच होती आणि तुझ्या कामाबद्दल त्यांत एक वाक्य नव्हतं. मी भांडू शकलो नाही. जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला गेली.

ताईने ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, "आता सांग. काय लिहिलं होतं?"

"आज्ञाधारक."

"हौ," ती म्हणाली. "ते तं मी होतीच." आणि उठून नळावर पाणी भरायला गेली.

आता ती शहरात एका कोचिंगमध्ये अकरावीला गणित शिकवते. वॉर्डात सगळ्यांचं एकच मत आहे: लिहून द्यायचं होतं न. मावशी म्हणते, नातेवाईक म्हणतात, तिच्यासोबत शिकलेले म्हणतात. ज्याने स्वतःचं पत्र स्वतः लिहिलं तो आज पुण्यात, बंगलोरात आहे, आणि खरं बोललेली इथे फळ्यावर त्रिकोण काढते, म्हणजे चूक हिचीच. सर तर ज्युनिअर मुलांना सांगतात म्हणे, त्या पोरीचं काम आम्ही एका दुपारी करून दिलं होतं. तीच मुलं ताईला मेसेज करतात: दीदी, तुमच्या ड्राफ्टची कॉपी मिळेल का?

पुन्हा अर्ज भरायची वेळ आली आहे. तिकडे दुसऱ्या एका प्राध्यापकांनी तिला विचार करू असं लिहिलं आहे. पुन्हा दोन शिक्षक लागतील. तिला शिकवणारे तेच आहेत, नवीन कुठून आणायचे? पान उघडलेलं असतं, नावांच्या रकान्याशी ती थांबते आणि लॅपटॉप मिटते. परवा मी म्हटलं, मी येते सोबत. म्हणाली, "जाऊन काय विचारू? सर, मी कोण, हे?"

तुम्ही कुठेही शिकवत असाल तर हे तुम्हाला उद्देशून आहे. तुमच्या हाताखाली काम करून गेलेल्या एका मुलीचं काम आज काढा, तिचा रिपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, आणि ती पत्र मागायला येईल तेव्हा स्वतःच्या हाताने लिहा. तिला लिहून आणायला सांगू नका. आणि तुमच्याकडे लिहायला काही नसेल, तर ती पहिल्यांदा दारात येईल त्याच दिवशी तोंडावर नाही म्हणा, म्हणजे तिला दुसरं दार शोधायला वेळ मिळेल.