अक्कांचा मिसकॉल उचलायचा नसतो

या, बसा इथं जवळ, खांबाला टेकून. आल्या आल्या त्या मोबाईलमध्ये तोंड घातलंत, शोभतं का हे? म्हातारं माणूस बोलतंय तर ठेवा तो पालथा घडीभर. अन् मोबाईलचं कौतुक मला नका सांगू. मोबाईल वापरावा तर आमच्या मेडिकलवाल्या अक्कांनी. अख्ख्या हयातीत त्या कुणाशी फोनवर धड दोन शब्द बोलल्या नसतील. त्या फक्त वाजवायच्या आणि तोडायच्या.

नेकनूरला स्टँडाजवळ त्यांचं औषधांचं दुकान. चिठ्ठी वाचून औषध काढून देणारे अण्णा, म्हणजे अक्कांचे यजमान. पण दुकान चालायचं ते अक्कांच्या आवाजावर. कपाळाला विभूती, तोंडात लवंग, आणि हसणं असं की स्टँडवरचा कंडक्टर वळून बघायचा. गावात मोबाईल नुकते आले होते. अक्कांनी घेतला आणि ज्यांच्या घरी रोजची गोळी चालू, त्यांना सकाळी मिसकॉल देऊ लागल्या. नियम असा, की फोन वाजला तरी उचलायचा नाही. गोळी घ्यायची, पाणी प्यायचं आणि उलटा मिसकॉल द्यायचा. चुकून कुणी उचललाच तर पलीकडून गर्जना यायची, "गोळी उचल म्हणलं, फोन न्हाई!"

आमच्या गल्लीत मोबाईल एकच, आमच्याकडे. पुण्याच्या लेकाने आणून दिलेला. त्याची घंटी एवढी मोठी की ती वाजली की सगळी गल्ली आपापली गोळी घ्यायची. शेजारच्या जनाआजी साखरेची, पलीकडचे मेंढरंवाले मामा बीपीची. मामांची तर खात्रीच पटली होती की घंटीशिवाय गोळी लागू पडत नाही. एकदा टॉवर बंद पडला. मामा गोळी तळहातावर घेऊन ओट्यावर बसून राहिले. "वाजल्याबिगर पोटात जाऊन काय उपेग?" मी अक्कांना निरोप धाडला. त्या दुकान टाकून आल्या, मामांच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तोंडानेच "ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग" करू लागल्या. मामांनी मुकाट गोळी गिळली. मेंढरं ओरडायला लागली ती वेगळीच.

हसताय तुम्ही, पण आमच्या घरात त्या वर्षी हसण्यासारखं नव्हतं. आमच्या मालकांना टीबी निघाला होता. बीडच्या डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने, रोज सकाळी रिकाम्या पोटी, एक दिवस चुकवायचं नाही. पहिल्यांदा लघवी लाल झाली तेव्हा हे घाबरून अंथरूणच धरून बसले. अक्का मला बहीण मानायच्या, त्यांनी दारातूनच सुनावलं, "दाजी, गोळीचा रंग हाय तो. रंगपंचमी समजा!" पण पुढे खोकला थांबला, अंगावर मांस चढलं आणि ह्यांना वाटलं, झालो बरे. मग लबाडी सुरू. घंटी वाजली की गोळी ज्वारीच्या कणगीत टाकायची आणि लगेच उलटा मिसकॉल.

दोन सकाळी चालली लबाडी. तिसऱ्या सकाळी अक्का दारात. "दाजी, गोळी गिळायची तर तांब्या उचलावा लागतो, घोट घ्यावा लागतो. तुमचा मिसकॉल माझा तुटला की त्याच दमात येतोय. गोळी काय बंदुकीची हाय का?" कणगीत हात घालून त्यांनी गोळ्या बाहेर काढल्या. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "आसं मधीच सोडलं ना, तर दुखणं परत येतं अन् मग ह्या गोळ्यांना ऐकत न्हाई. माझ्या बहिणीला रंडकी करू नका." मी भिंतीकडे तोंड वळवलं. मालक त्या दिवसापासून सुधारले.

सुधारले म्हणजे, आमच्या लेकीला, रेखाला बघायला पाहुणे येईपर्यंत. केजचे लोक, घरचं कापडाचं दुकान, मुलगा एकुलता एक. मालकांनी मला दम भरला, "टीबीचं नाव काढायचं न्हाई. पोरीची सोयरीक मोडंल." म्हणून सकाळी गोळीचा डबा माळ्यावर गेला. पाहुणे जीपने आले ते सांगितल्या वेळेच्या फार आधी. रेखाने पोह्यांच्या बशांचं ताट आणलं, मालकांनी घास उचलला, आणि फोन वाजला.

मालक दगडासारखे बसले. पण गल्ली कुठं बसते? "वाजलं, वाजलं!" करत मामा भांडं भरून दारात आले आणि पाहुण्यांसमोर उभ्या उभ्या गोळी गिळून मोकळे. पाठोपाठ जनाआजी. मुलाचे वडील चमकले, "ही काय रीत म्हणायची?" माझ्या तोंडून निघालं, "व्हय, पाव्हणं आले की आमच्यात गल्ली पाणी पिती." फोन पुन्हा वाजला. पुन्हा. उलटा मिसकॉल जातोय कशाला! आणि मग गल्लीच्या तोंडापासून चपलांचा आवाज.

"दाजी, उलटं कावून वाजवलं न्हाई?" अक्का आत आल्या तेव्हा त्यांना पाहुणे दिसले. मी डोळ्यांनी हात जोडले. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, रेखाकडे बघितलं, आणि मालकांच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. "रिकाम्या पोटी घ्यायची ना? पाव्हणं, ह्यांना टीबी झालता. गोळ्या चालू हायत, बरे व्हायला लागलेत. गोळी चुकवणाऱ्याला भ्या, घेणाऱ्याला कशाला भेता?"

मुलाच्या आईने पदर सावरून अक्कांना विचारलं,

"तुमी रोज वाजविता?"

"रोज."

"न घेतली तर घरी येता?"

"ही काय आलेच की."

बाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "मग आमच्या ह्यांचा बी नंबर घ्या ओ अक्का. बीपीची गोळी रोज सदऱ्याच्या खिशात सापडती मला. धुणं धुताना पाण्यात इरघळती!"

मुलाचे वडील जीपकडे बघू लागले. मामा आधी हसले, मग आजी, मग अक्का, म्हणजे मग सगळी गल्लीच. रेखाने तर हातातलं ताट खाली ठेवलं आणि खळखळून हसली. बघायला आलेल्यांसमोर मुलीने असं हसावं का? तिच्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "हसती झकास. सुपारी फोडा." मालकांनी पोरीच्या सुपारीआधी आपली गोळी गिळली.

कोर्स पुरा झाला, डॉक्टरांनी छाती साफ सांगितली. पुढे अण्णा गेले, अक्का परळीला लेकाकडे राहायला गेल्या आणि तिकडेच, परवाच्या श्रावणात, गेल्या. निरोप आला तेव्हा आमचे मालक सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. मी त्यांना असं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. रडताना छाती अशी भरून वाजत होती, आणि मला मेलीला त्यातही बरं वाटलं, की छाती किती मजबूत आहे बाई ह्यांची.

उठलात का लगेच? बरं, जा. पण लवकर या पुन्हा. तुमचे आजोबा बघा, अंगणात तुम्हाला न्यायला आलेल्या जीपवाल्याशी भांडतायत, इथपर्यंत आवाज येतोय. अक्कांनी राखलेला माणूस आहे तो. सुट्टी मिळाली की या आणि पोटभर भांडून जा त्यांच्याशी.