पलीकडचा हात

दुबईतल्या थिएटरात एका जुन्या भूतकथेवरचा कमी खर्चातला इंग्रजी रहस्यपट बघताना, मध्यंतरानंतर जागा बदलल्याचं विसरून मी बायकोचा हात गच्च धरला. तो केसाळ निघाला. "घाबरलीस तर माझा हात धर," असं घरून निघताना तिला मीच बजावलं होतं!

हात शेजारच्या झुपकेदार मिशांच्या कोकणी माणसाचा होता. मी सोडवायला गेलो, तर त्यानं माझा दुसराही धरला. पडद्यावर हवेलीचं दार करकरलं, तसा तो कुजबुजला, "आमच्या गावच्या भुताक नारळ दिलो की खलास. ह्येका काय देवचा?"

दिवे लागताच त्यानं हात सोडले, मिशी सारखी केली आणि "काय खास नाय पिक्चर," म्हणत तो निघून गेला.

गाडीत मीही तेच म्हणालो.

"असेल," बायको म्हणाली. "मी मात्र घाबरून अख्खा वेळ तुमचा हात शोधत होते. दोन्ही पलीकडे कामाला लागले होते."