आजाराचा रकाना
माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. चिमूटभर कूट पोटात गेला तरी घसा सुजून श्वास अडकतो. शिरपूरच्या होस्टेलचा फॉर्म मीच भरला आणि आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, कारण तिथला कारकून आमच्या समाजातला होता आणि मला तिच्या लग्नाची काळजी होती.

मेसमध्ये ती रोज विचारायची, "काका, भाजीत कूट आहे का?"

एकदा वाढपी वैतागला. "फॉर्मवर तर काहीच नाही, ताई. नखरे पुरे."

दुसऱ्या दिवशी तिने लाजून विचारलंच नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या खाटेजवळ डॉक्टरांनी विचारलं, "असं आधी झालं होतं?" उत्तर देण्याआधी मी ओळखीचं कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. ती वाचली. पण मी आजूबाजूला पाहिलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते.