पायाखालचा दोर

युसूफभाई एका मंगळवारी गेले. सकाळी त्यांच्या मुलाचा, इम्रानचा फोन आला, "बाई, अब्बा गेले." मी शाळेत होते. दुपारी भिवंडीतल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा गल्लीतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद होते. आतल्या खोलीत बायकांमध्ये जाऊन बसले. त्या गल्लीत माणसांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते...

युसूफभाईंचा लूमचा छोटा कारखाना होता. त्या खटखटाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना ऐकू फार कमी येई. दर हिवाळ्यात ते कारखान्यातली कुटुंबं आणि आमच्या शाळेतली मोठी मुलं घेऊन गणेशपुरीच्या पुढे एका तलावाकाठी मुक्कामाला जात. मुलांबरोबर म्हणून मीही जाऊ लागले आणि मग जातच राहिले. तिथे वीज नव्हती, नळ नव्हता. काल्हेरच्या गोदामातून मागून आणलेल्या जुन्या ताडपत्र्यांचे तंबू, आडोशाला खणलेले खड्डे, तीन दगडांच्या चुली. पिण्याचं पाणी पाड्यावरच्या विहिरीचं, पण आधी विहिरीशेजारी राहणाऱ्या सोमीबाईला विचारायचं, मगच घागर सोडायची.

पोचल्यावर पहिलं काम आवाज उतरवण्याचं. लूमवरच्या माणसाला शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलायची सवय असते. म्हणून सगळ्यांनी काठावर गप्प बसायचं आणि मगच हळू बोलायला सुरुवात करायची. "अरे हळू, इथे लूम नाय!" असं युसूफभाई एवढ्या जोरात ओरडत की पलीकडचे बगळे उडत. कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी रझिया मग हसून म्हणे, "चाचा, पहले आप तो उतारो!"

त्यानंतर दोर. लूमवर वाया गेलेलं सूत पिळून त्यांनी तो स्वतः केला होता, रंगीबेरंगी आणि मनगटाएवढा जाड. तेलाचे रिकामे डबे बांधून तो उथळ पाण्यात सोडायचा. त्याच्या पलीकडे कुणी जायचं नाही. दोराचं एक टोक पाण्यातल्या खुंटाला, दुसरं काठावरच्या एका सपाट दगडावर, युसूफभाईंच्या अनवाणी पायाखाली. मुलं पाण्यात असेपर्यंत ते तिथून हलत नसत. जेवण तिथेच. कुणाशी बोलायचं तर तोंड पाण्याकडेच. नवी माणसं त्यांना शिष्ट समजत. मी जवळ पुस्तक घेऊन बसले की ते पाण्याकडे बघतच म्हणत, "बाई, किताब पळून नाय जात. पोरं जातात."

एका वर्षी दुपारी मी खिचडी वाढत होते. काठावर सगळेच होते, रझियासुद्धा. युसूफभाईंनी एकदम ताट टाकलं आणि कपड्यांसकट पाण्यात शिरले. रझियाची लहान मुलगी नसरीन दोराशी पाय घसरून खाली गेली होती. तिने दोर धरला होता, पण डोकं पाण्याखाली होतं. आम्हा कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तिला बाहेर काढलं, पालथं घालून पाणी काढलं, रझियाच्या हातात दिलं. मग पिळलेला सदरा झुडपावर टाकून पुन्हा दगडावर बसले आणि दुसरं ताट मागितलं.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही, तरी तुम्हालाच कळलं." त्यासाठी मलाही ओरडावं लागलं.

"बुडणारा ओरडत नाय, बाई," ते म्हणाले. "ऐकू येणाऱ्यालाच वाटतं, तो हाक मारील."

युसूफभाई गेल्यावर काही आठवड्यांनी थंडी पडली. रझिया शाळेत येऊन विचारून गेली, यंदा जायचं का? मी इम्रानकडे गेले. तो म्हणाला, "नको, बाई. अब्बा नाहीत. एखादं पोर गेलं तर? पाण्यावर कोण बसणार?"

"मी बसेन."

"तुम्ही? तुम्ही वाचत बसाल."

"पुस्तक नेणार नाही."

तो उठला. मग स्टूल घेऊन माळ्यावरून दोर काढला, दोन्ही हातांनी ताणून जागोजागी पाहिला आणि म्हणाला, "टेम्पो मी चालवीन."

गेल्या आठवड्यात जाऊन आलो. विहिरीवर सोमीबाई भेटली. "म्हातारा न्हाय आला?" मी सांगितलं. तिने घागर खाली ठेवली. "मंग दगडावर कोन बसंल?"

आवाज उतरवायला सगळे काठावर बसले. ओरडणारं कुणी नव्हतं, तरी सगळे लवकर गप्प झाले. नसरीन आता मोठ्या मुलांत आहे. पाण्यात शिरण्याआधी तिने दोर हलवून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी दगडावर बसले, दोर पायाखाली घेतला आणि मान हलवली.

पोरं पाण्यात असली की दोर सारखा हलत असतो, हे मला माहीत नव्हतं. सुरुवातीला प्रत्येक हिसक्याला मी उठून उभी राहत होते. रझिया चहा घेऊन आली, माझ्याशी काहीतरी बोलत होती... मी तिच्याकडे न बघताच उत्तरं दिली. ऊन उतरलं तसं इम्रानने सगळ्यांना बाहेर बोलावलं. मी मुलं मोजली, मग दगडावरून उठले.

दोर आता माझ्याकडे आहे. बाल्कनीत वाळत घातला आहे.